प्रत्यावर्ती धारेचे गणित : सिंगल फेजपासून थ्री फेजपर्यंत

विद्युतशक्तीच्या इतिहासात संशोधकांची चरित्रे व यंत्रांची वर्णने विपुल आढळतात. गणनपद्धतीचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. वास्तविक, तारेतून किती धारा वाहील हे आधी सांगता आल्याशिवाय तारेची जाडी ठरत नाही आणि जनित्राची क्षमताही ठरत नाही. या गणनेचा विकास कसा झाला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

एकदिश प्रवाहात शक्तीला विभवांतराने भागले की धारा मिळते. प्रत्यावर्ती प्रवाहात मोटरीच्या वेटोळ्यांमुळे धारा विभवांतराच्या मागे पडते. या कोनाची कोज्या म्हणजे शक्तिगुणक होय. म्हणून सिंगल फेजमध्ये शक्तीला विभवांतर व शक्तिगुणक यांच्या गुणाकाराने भागावे लागते. थ्री फेजमध्ये तीन विभवांतरांत परस्परांपासून १२० अंशांचे अंतर असते. परिणामी दोन तारांमधील विभवांतर एका फेजच्या √३ पट, म्हणजे सुमारे १.७३२ पट होते व भाजकात √३ येतो. १० किलोवॉटचा भार व ०.८ शक्तिगुणक घेतल्यास २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर सुमारे ५४ अँपिअर, तर ४०० व्होल्टच्या थ्री फेजवर प्रत्येक तारेत सुमारे १८ अँपिअर धारा येते.

थ्री फेजची उपयुक्तता १८९१ मध्ये जर्मनीत सिद्ध झाली. लाउफन येथील वीज सुमारे १७५ किलोमीटरवरील फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोहोचली. तथापि प्रत्येक मंडलासाठी विकलक समीकरणे सोडवणे किंवा भूमितीय आकृत्या काढणे, हे काम क्लिष्टच होते. १८९३ मध्ये केनेली यांनी प्रत्यावर्ती मंडलातील अडथळा संमिश्र संख्येने मांडला. त्याच वर्षी शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी ही पद्धती सविस्तर मांडली. जर्मनीतील समाजवादी चळवळीतील सहभागामुळे त्यांना मायदेश सोडावा लागला होता व १८८९ मध्ये ते अमेरिकेत आले होते. बदलत्या लहरीचे मूल्य व कोन दोन्ही एकाच संमिश्र संख्येत सामावल्याने ओहमचा नियम प्रत्यावर्ती धारेलाही त्याच रूपात लागू झाला. विकलक समीकरणांची जागा बीजगणिताने घेतली आणि सामान्य अभियंत्यालाही ही गणना करता येऊ लागली.

√३ चे सूत्र मात्र तिन्ही फेजवरील भार समतोल असेल तरच लागू पडते. विषम भारात प्रत्येक तारेतील धारा वेगळी असते. चार तारांच्या व्यवस्थेत न्यूट्रलमधूनही धारा वाहते. १९१८ मध्ये फोर्टेस्क्यू यांनी दाखवले की, तीन फेजमधील कोणतीही विषम स्थिती तीन सममित घटकसंचांच्या बेरजेने मांडता येते. दोषकालीन धारेच्या गणनेचा हा पाया ठरला.

सारांश, ज्या √३ चे सूत्र विद्यार्थी पाठ करतो, त्यामागे भूमिती आहे व एक अटही आहे. अट विसरून सूत्र वापरल्यास एखाद्या तारेतील धारा प्रत्यक्षापेक्षा कमी गृहीत धरली जाते आणि ती तार तापते. म्हणून सूत्रासोबत त्याचा इतिहासही अध्यापनात येणे अगत्याचे आहे.