लोहपट आणि घरातील सत्ता : युरोपातील ओतीव लोखंडी फायरबॅकवरील नक्षीचा ऐतिहासिक अभ्यास (इ. स. १५०० ते १८००)

प्रस्तावना

ऑक्टोबर १७९३ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय कन्व्हेन्शनने एक हुकूम काढला. घराघरांतील शेकोटीमागे बसविलेल्या ज्या लोखंडी पाट्यांवर राजघराण्याची कमळचिन्हे किंवा सरंजामी मानचिन्हे असतील, त्या पाट्या मालकांनी उलट्या करून बसवाव्यात, असा त्या हुकुमाचा आशय होता. राजा सोळावा लुई याचा शिरच्छेद त्याच वर्षी जानेवारीत झाला होता. सिंहासन गेले, राजाही गेला. परंतु राज्यक्रांतीला सामान्य माणसाच्या शेकोटीमागील एका काजळलेल्या पाटीचीही दखल घ्यावी लागली. ती पाटी केवळ शोभेची वस्तू असती, तर तिच्यासाठी कायदा करण्याची गरज पडली नसती.

या पाटीला इंग्रजीत ‘फायरबॅक’ म्हणतात. आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासकाला ताम्रपट परिचित आहे. त्याच धर्तीवर प्रस्तुत निबंधात फायरबॅकसाठी ‘लोहपट’ हा शब्द योजिला आहे. ताम्रपटाप्रमाणे लोहपट हा दानाचा किंवा हक्काचा पुरावा नव्हे. तथापि तोही धातूवर उमटलेला एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे आणि त्याचे वाचन करताना तितकीच सावधगिरी बाळगावी लागते, हे या निबंधाचे प्रतिपाद्य होय.

उद्दिष्टे

१) लोहपटांच्या निर्मितीचे तंत्र व त्यावरील नक्षी यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) लोहपटांवरील राजकीय व धार्मिक चिन्हांचा तत्कालीन घडामोडींच्या संदर्भात अर्थ लावणे.
३) ऐतिहासिक साधन म्हणून लोहपटांचे मूल्य व मर्यादा तपासणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मुख्यतः दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. अर्नेस्ट स्ट्रेकर यांचा वील्ड प्रदेशातील लोहउद्योगावरील १९३१ चा ग्रंथ, जेरेमी हॉजकिन्सन यांचा ब्रिटिश लोहपटांवरील २०१० चा ग्रंथ आणि पेनसिल्व्हेनियातील जर्मन वसाहतकऱ्यांच्या शेगड्यांच्या पाट्यांवर हेन्री मर्सर यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास, हे या विषयातील महत्त्वाचे टप्पे होत.

लोहपटाचे स्वरूप व उपयोग

थंड हवामानाच्या युरोपात घरातील विस्तव भिंतीलगत, धुराड्याखाली पेटविला जाई. सततच्या आचेने मागील भिंतीच्या विटा व दगड तडकत. त्यांच्या रक्षणासाठी विस्तवामागे बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची जाड पाटी उभी केली जाई. तिचा दुसरा उपयोगही महत्त्वाचा होता. तापलेले बीड उष्णता धरून ठेवते व ती हळूहळू खोलीत परत सोडते. विस्तव मंदावल्यानंतरही खोली काही काळ उबदार राहत असे. जर्मनीच्या आयफेल प्रदेशात व लक्झेंबर्गमध्ये तर स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमधील भिंतीला भोक पाडून त्यात अशी पाटी बसवीत. चुलीचा जाळ स्वयंपाकघरात आणि त्याची ऊब पलीकडील खोलीत, अशी ती काटकसरीची योजना होती.

हिवाळ्याच्या रात्री सारे कुटुंब ज्या एका जागेकडे तोंड करून बसे, नेमकी तीच जागा या पाटीने व्यापलेली होती. पाटीवर काय कोरावे, या प्रश्नाला त्यामुळेच महत्त्व आले.

झोतभट्टीचा प्रसार

बीड ओतण्यासाठी लोखंड पूर्णपणे वितळावे लागते. जुन्या लहान भट्ट्यांत धातुकापासून लोखंडाचा मऊ गोळा मिळे व तो ठोकून घडीव लोखंड तयार होई. ते ओतता येत नसे. पाणचक्कीने चालणारे मोठे भाते जोडलेली झोतभट्टी आली, तेव्हा लोखंड कार्बन शोषून सुमारे ११५० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळू लागले. हे तंत्र आजच्या बेल्जियमचा नामूर परिसर व उत्तर फ्रान्स या मार्गाने इंग्लंडमध्ये पोहोचले. ससेक्स, केंट व सरे या परगण्यांत पसरलेल्या वील्ड प्रदेशात १४९० च्या सुमारास बक्स्टेड येथे आणि १४९६ मध्ये अ‍ॅशडाउन अरण्यातील न्यूब्रिज येथे झोतभट्ट्या सुरू झाल्या. धातुक, लोणारी कोळशासाठी जंगल आणि चाके फिरविण्यासाठी ओढे या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र उपलब्ध होत्या. भट्टी चालविणारे कसबी कारागीर प्रारंभी फ्रान्समधून आले.

या उद्योगामागील पहिली प्रेरणा युद्धाची होती. न्यूब्रिजची भट्टी सातव्या हेन्रीच्या स्कॉटलंडविरुद्धच्या मोहिमेसाठी तोफगाड्यांचे लोखंडी भाग पुरविण्याकरिता उभारली गेली. १५४३ मध्ये बक्स्टेड येथे विल्यम लेव्हेट, राल्फ हॉग व पीटर बॉड यांच्या प्रयत्नांतून एकसंध ओतलेली लोखंडी तोफ सिद्ध झाली. ज्या भट्टीतून तोफ आली, तिच्याच उरलेल्या रसातून घरासाठी लोहपटही ओतला जाई. पाठ्यपुस्तकांत इंग्लंडच्या लोहउद्योगाची कथा बहुधा १७०९ पासून, म्हणजे अब्राहम डार्बीने कोलब्रुकडेल येथे कोक वापरून लोखंड गाळल्यापासून सुरू होते. त्याआधीची ही दोन शतके लोहपटांच्या रूपाने आजही पाहता येतात.

वाळूतील ठसे : नक्षीची घडण

लोहपट ओतण्याची रीत साधी होती. भट्टीसमोर ओलसर वाळूचा सपाट थर पसरीत. त्यात लाकडी फळी दाबून पाटीचा आकार घेत आणि त्या खोलगट भागात वितळलेले लोखंड सोडीत. वरची बाजू उघडीच राही. त्यामुळे जुन्या लोहपटाची दर्शनी बाजू, जी वाळूत खाली असे, ती नक्षीदार असते, तर पाठीमागची बाजू खडबडीत असते.

प्रारंभीच्या लोहपटांवर एकसंध चित्र क्वचितच दिसते. कारागीर हाताशी असेल ती वस्तू वाळूत दाबीत असे. दोरखंडाचा तुकडा दाबला की पीळदार किनार तयार होई. गुलाब, मुकुट, कमळचिन्ह यांचे लहान लाकडी ठसे पुन्हा पुन्हा वापरले जात. विषम अंतरावर, तिरपे, कधी एकमेकांवर चढलेले हे ठसे पाहिले की कामाची घाई जाणवते. वितळलेला रस कोणासाठी थांबत नाही. दोरीची फुली अनेक पाट्यांवर आढळते. धुराड्यातून अनिष्ट शक्ती घरात येऊ नयेत म्हणून ती काढलेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. हे अनुमान संभाव्य आहे; पण दोरी आणि वाळू यांतून सहज निघणारी ती सर्वांत सोपी आकृती आहे, हेही विसरता येत नाही.

अक्षरांच्या बाबतीत तंत्राचा प्रभाव अधिक स्पष्ट होतो. वाळूत उमटलेला मजकूर वरून पाहताना आरशातल्यासारखा उलटा दिसतो. सुटे ठसे वापरणाऱ्याला शब्द उजवीकडून डावीकडे जुळवावा लागे. त्यात चूक झाली, किंवा ठसाच चुकीच्या बाजूने कोरला गेला, तर अक्षर कायमचे उलटे राही. सोळाव्या-सतराव्या शतकांतील अनेक पाट्यांवर अशी उलटी अक्षरे आहेत. पुढे संपूर्ण चित्र एकाच फळीवर कोरण्याची पद्धत रूढ झाली. नक्षीचा कर्ता आता ओतारी राहिला नाही. कुशल काष्ठशिल्पीने ती जागा घेतली.

तरीही एका लोहपटावर ओतारी स्वतः उभा आहे. ससेक्समधील ब्रीड येथील भट्टीचा ओतारी रिचर्ड लेनर्ड याने १६३६ साली आपले नाव, हुद्दा व ठिकाण पाटीवर कोरून घेतले. चित्रात तो स्वतः, त्याच्या व्यवसायाची साधने, भट्टी आणि त्याचा कुत्राही आहे. राजांच्या मानचिन्हांनी भरलेल्या या माध्यमात श्रमिकाने स्वतःच्या नावानिशी केलेली ही नोंद दुर्मीळ म्हटली पाहिजे.

राजनिष्ठेचे चिन्ह

इंग्रजी लोहपटांवर सर्वाधिक आढळणारी नक्षी राजचिन्हाची आहे. ट्यूडर राजांच्या ढालीवर इंग्लंडचे सिंह व फ्रान्सची कमळचिन्हे असत. १६०३ मध्ये पहिला जेम्स गादीवर आला आणि स्कॉटलंडचा सिंह व आयर्लंडची वीणा त्यांत समाविष्ट झाली. हे राजचिन्ह घरात लावणारा प्रत्येक जण दरबारी नव्हता. राजाशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या सुस्थित शेतकऱ्याच्या घरीही ते पोहोचले होते.

या चिन्हाला प्रसंगाचा अर्थ कसा मिळतो, याचे उत्तम उदाहरण ‘राजवृक्षा’च्या लोहपटांत सापडते. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत पराभूत झालेला दुसरा चार्ल्स बॉस्कोबेल येथे ओकच्या झाडात लपून बचावला. १६६० मध्ये तो राजा म्हणून परतल्यावर ओकच्या फांद्यांत तीन मुकुट दाखविणाऱ्या पाट्या ओतल्या गेल्या. तीन मुकुट म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड ही तीन राज्ये. अकरा वर्षे प्रजासत्ताकाखाली राहिलेल्या समाजात अशी पाटी विकत घेऊन लावणे म्हणजे पाहुण्यांसमोर आपली निष्ठा जाहीर करणे होते. फ्रान्समधील १७९३ चा हुकूम याच प्रक्रियेची दुसरी बाजू दाखवितो. इंग्लंडमध्ये निष्ठा स्वेच्छेने विस्तवामागे बसविली गेली. फ्रान्समध्ये ती कायद्याने भिंतीकडे वळविली गेली. दोन्ही ठिकाणी घराचा अंतर्भाग हा राजकारणापासून अलिप्त असा खासगी प्रदेश मानला गेला नव्हता.

धर्म, हौतात्म्य आणि बायबल

राणी पहिल्या मेरीच्या कारकिर्दीत २२ जून १५५७ रोजी लुईस येथे दहा प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. त्यांत वॉर्बल्टनचा रिचर्ड वुडमन होता आणि तो स्वतः लोहउद्योजक होता. ज्वाळांत खांबाला बांधलेले एक पुरुष व एक स्त्री दाखविणारा एक लोहपट प्रसिद्ध असून परंपरेने त्याचा संबंध या हुतात्म्यांशी जोडला जातो. ही ओळख परंपरेवर आधारलेली आहे, हे ध्यानात ठेवूनही त्या पाटीपुढे थबकावेच लागते. खरा जाळ पेटला की पाटीवरील लोखंडी ज्वाळा त्यात मिसळत. घरातील मुलांना हुतात्म्यांची कथा सांगण्यासाठी यापेक्षा परिणामकारक साधन शोधून सापडले नसते.

जर्मन प्रदेशांत धर्मसुधारणेच्या काळात बायबलमधील प्रसंग लोखंडात उतरले, ते विशेषतः पाट्या जोडून केलेल्या बंद शेगड्यांवर. हेसे येथील काष्ठशिल्पी फिलिप सोल्डान याने हैना येथील ओतशाळेसाठी कोरलेल्या फळ्या या कलेचा उत्कर्ष मानल्या जातात. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षरस होणे, विधवेच्या घरातील तेल न संपणे हे प्रसंग वारंवार निवडले गेले. शेगडी घराच्या निर्वाहाचे केंद्र असल्याने घरातील अन्नधान्य न आटण्याच्या कथा तेथे याव्यात, हे स्वाभाविक होते.

अर्थ हरवलेली चिन्हे

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय झालेले उंच, कमानदार व फुलांच्या किनारीचे ‘डच’ लोहपट मोठ्या संख्येने जर्मनीतील सीगरलँड येथे ओतले जात व हॉलंडच्या बाजारात विकले जात. कुंपणाच्या आत बसलेली हॉलंडची कुमारिका, शेजारी सिंह आणि ‘मातृभूमीसाठी’ अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य ही त्यांवरील प्रसिद्ध नक्षी. स्पेनशी ऐंशी वर्षे झुंजून १६४८ मध्ये मान्यता मिळविलेल्या राष्ट्राचे ते प्रतीक होते. परंतु डच राष्ट्राभिमान जर्मन लोखंडात ओतला गेला आणि पुढे इंग्लंडमध्ये त्याच्या नकलाही झाल्या. इंग्रज गिऱ्हाइकाला त्या कुंपणाचे व सिंहाचे राजकारण अभिप्रेत नव्हते. त्याला ती नक्षी आवडली होती. चिन्ह जसजसे उगमापासून दूर जाते, तसतसे ते केवळ अलंकार बनते. लोहपटावरील प्रत्येक चिन्ह मालकाची निष्ठा सांगते, असे सरसकट विधान म्हणूनच करता येत नाही.

तारखेचा प्रश्न

इतिहासाच्या अभ्यासकासाठी सर्वांत बोधप्रद भाग पुढचा आहे. सरे परगण्यातील क्रोहर्स्टच्या चर्चमध्ये १५९१ मध्ये निधन पावलेल्या अ‍ॅन फॉर्स्टर या स्त्रीची बिडाची स्मृतिशिला आहे. त्याच मजकुराच्या पाट्या आसपासच्या घरांत शेकोटीमागेही आढळल्या. थडग्यासाठी केलेला नमुना ओतशाळेत राहिला व लोहपटांसाठी वापरला गेला. या पाट्यांवरून ती घरे फॉर्स्टर कुटुंबाची होती, असा निष्कर्ष काढणे उघडच चुकीचे ठरेल.

पाटीवरील साल हे नमुन्याचे साल असू शकते, ओतण्याचे नव्हे. लाकडी नमुना अनेक दशके टिकत असे. मधली फळी तीच ठेवून शेजारी नव्या मालकाची आद्याक्षरे व नवे साल दाबता येई. तयार पाटीलाच नमुना मानून तिची नक्कलही करता येई. अशा नकलेची एक खूण मात्र लपत नाही. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते; त्यामुळे नक्कल मूळ पाटीपेक्षा किंचित लहान असते आणि तिच्या रेषा बोथट असतात. पाठीमागची बाजू गुळगुळीत असेल, तर ती बंद साच्यात ओतलेली नंतरची प्रत असण्याची शक्यता बळावते. येथे मजकुराची साक्ष वस्तूनेच तपासली जाते.

ऱ्हास

लाकडाऐवजी दगडी कोळसा घरोघरी जळू लागला, तसे विस्तवाचे आकारमान घटले आणि लोखंडी जाळीच्या लहान शेगड्या आल्या. रुंद शेकोटीबरोबर लोहपटाची गरजही कमी झाली. कोकवर चालणाऱ्या भट्ट्यांपुढे लोणारी कोळशाचा वील्ड टिकला नाही. अ‍ॅशबर्नहॅम येथील तेथली शेवटची झोतभट्टी १८१३ च्या सुमारास विझली. पुढे लोहपट जुन्या वस्तूंच्या संग्राहकांकडे गेले आणि मागणी वाढताच नव्या प्रतीही निघाल्या.

निष्कर्ष

१) लोहपटांवरील नक्षी वाळू, दोरी, ठसा व फळी यांच्या तंत्रातून घडली. तंत्र न जाणता केलेला चिन्हांचा अर्थ दिशाभूल करू शकतो.
२) राजचिन्हे, राजवृक्ष व हुतात्म्यांची चित्रे यांवरून सोळाव्या ते अठराव्या शतकांतील युरोपात सत्ता व श्रद्धा यांचा वावर दरबार आणि चर्च यांच्याबाहेर, घरातील शेकोटीपर्यंत होता, हे सिद्ध होते.
३) प्रवास करणारी चिन्हे आपला मूळ अर्थ गमावतात; म्हणून चिन्हाबरोबर ग्राहक व बाजारपेठ यांचाही विचार आवश्यक ठरतो.
४) वस्तूवर लिहिलेले साल हे वस्तूचे साल असतेच असे नाही. आकार, पाठ व रेषांची धार तपासल्यावरच त्या सालाला पुराव्याचे मोल येते.

फ्रान्समधील त्या पाट्या उलट्या करण्याचा हुकूम देणाऱ्यांना एक गोष्ट नेमकी उमगली होती. माणूस दररोज ज्याच्याकडे पाहत बसतो, ते त्याच्या मनात रुजते. इतिहासलेखनाने राजवाड्यांच्या भिंतींइतकेच लक्ष शेकोटीमागील या पाटीकडेही द्यावयास हवे.