सैतानाची शिकवणी

मंडळी, मागच्या महिन्यात नात सुट्टीला आली होती. संध्याकाळी मी मेथी निवडत बसले होते, तर तिनं फोनवर काहीतरी लावलं आणि म्हणाली, "आजी, ऐक. ही बाई तुझ्याच वयाची आहे."

एक गिटार, पायानं जमिनीवर धरलेला ठेका आणि भरदार, थोडा खरखरीत आवाज. शब्द काही कळेनात. पण तारेवर काहीतरी घासत नेल्यासारखा सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जात होता, आपल्या मींडेसारखा, आणि तो ऐकताना हातातली जुडी हातातच राहिली.

बाईचं नाव रोरी ब्लॉक. जन्म १९४९चा, म्हणजे माझ्याहून एका वर्षानं मोठी. अल्बमचं नाव 'द लेडी अँड मिस्टर जॉन्सन', २००६ सालचा. पुढच्या वर्षी त्याला ब्लूज संगीतातलं उत्तम अकूस्टिक अल्बमचं पारितोषिकही मिळालं. आता हे मिस्टर जॉन्सन कोण, ते शोधता शोधता माझे तीन आठवडे गेले. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, सवय जात नाही!

मिसिसिपी राज्यात डेल्टा नावाचा एक सपाट, काळ्या मातीचा, कापसाचा प्रदेश आहे. नाव डेल्टा असलं तरी हे नदीचं मुख नव्हे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधला हा पूरमैदानाचा पट्टा. १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली, पण जमीन गोऱ्या मालकांचीच राहिली. कृष्णवर्णीय कुटुंबं ती बटाईनं कसत. बी-बियाणं, धान्य, कपडा सगळं मालकाकडून उधार आणि वर्षाअखेर हिशेब मालकाच्याच वहीत. त्या मातीत एका माणसाच्या आणि एका गिटारीच्या जोरावर जे गाणं उभं राहिलं, ते डेल्टा ब्लूज.

रॉबर्ट जॉन्सन हा त्यातला सर्वात गाजलेला. १९३६ साली सॅन अँटोनिओत आणि १९३७ साली डॅलसमध्ये त्यानं २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८च्या ऑगस्टमध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. जगानं त्याला खरं ओळखलं ते १९६१ साली, त्याची जुनी गाणी एकत्र करून एलपी निघाली तेव्हा.

त्याची एक दंतकथा सगळीकडे सांगितली जाते. त्यानं म्हणे मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटारवर हात मिळवला. क्लार्क्सडेल गावात ६१ आणि ४९ नंबरचे रस्ते मिळत, तिथं आता मोठाल्या गिटारींची खूण उभी केली आहे. लोक फोटो काढतात.

खरी गोष्ट मात्र शाळामास्तरांनी वाचावी अशी आहे. सन हाऊस नावाचे एक जाणते गायक तेव्हा रॉबिन्सनव्हिलच्या आसपास गात. पोरगेलासा रॉबर्ट त्यांच्या मागेमागे असे. ते थांबले की त्यांची गिटार उचलून वाजवू बघे. ते इतकं वाईट असे, की ऐकणारे कंटाळत आणि हाऊस त्याला रागावत. मग तो गावातून नाहीसा झाला. काही काळानं परत आला आणि वाजवायला बसला, तेव्हा हाऊस यांनाच तोंडात बोट घालायची वेळ आली.

मधल्या काळात काय झालं? संशोधकांनी नंतर शोधून काढलं, की तो हेझलहर्स्टच्या बाजूला, आपल्या जन्मगावाकडे गेला होता. तिथं त्याला आइक झिमरमन नावाचे गिटारवादक भेटले. त्यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि शिकवलं. रात्री दोघं स्मशानभूमीत जाऊन सराव करत, कारण तिथं कोणाची झोपमोड होत नसे. झाली सैतानाची गोष्ट तयार! मंडळी, रात्र रात्र घासणारा एक विद्यार्थी आणि त्याच्यासोबत जागणारा एक शिक्षक, एवढंच त्यात होतं. झिमरमन यांची एकही रेकॉर्ड निघाली नाही. श्रेय सैतानाला गेलं.

या सैतानानं आणखीही एक नुकसान केलं. जॉन्सनला क्लॉड नावाचा मुलगा होता, तो आईच्या धार्मिक आईवडिलांकडे वाढला. ब्लूज म्हणजे सैतानाचं गाणं, म्हणून त्यांनी रॉबर्टला घरात येऊ दिलं नाही. मुलानं बापाला पाहिलं ते दारातून. पुढे क्लॉडनं खडीचा ट्रक चालवून संसार केला. बापाच्या गाण्यांवर पैसा दुसऱ्यांनी कमावला. क्लॉडच वारस असल्याचं मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयानं कायम केलं, तेव्हा २००० साल उजाडलं होतं.

आता रोरीकडे येते. ती न्यूयॉर्कमध्ये वाढलेली गोरी मुलगी. वडिलांचं ग्रेनिच व्हिलेजमध्ये चपलांचं दुकान होतं, तिथं गाणारे-वाजवणारे जमत. जुन्या रेकॉर्डी ऐकून ऐकून ही पोर डेल्टाची गाणी बसवू लागली.

इकडे सन हाऊस १९४३ सालीच डेल्टा सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेले होते. रेल्वेत नोकरी केली, गिटार सुटली. १९६४च्या जूनमध्ये तिघा तरुण चाहत्यांनी त्यांना शोधून काढलं. (त्याच महिन्यात, तिकडे मिसिसिपीत, कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी काम करणाऱ्या तिघा तरुणांचा खून झाला. काळ कसला होता, ते ध्यानात यावं म्हणून सांगते.) हाऊस स्वतःचीच गाणी विसरले होते. अॅलन विल्सन या विशीतल्या मुलानं त्यांच्या जुन्या रेकॉर्डी घोकल्या होत्या. त्यानं समोर बसून त्यांचीच गाणी त्यांना पुन्हा आठवून दिली. मग १९६५ साली त्यांचा नवा अल्बम निघाला.

त्याच सुमारास पंधरा वर्षांची रोरी त्यांना भेटली आणि तिनं त्यांच्यासमोर गिटार वाजवली. ही मुलगी असं वाजवायला शिकली कुठं, असं ते आश्चर्यानं विचारत राहिले, असं तिनं सांगितलं आहे. आता जोडून बघा: हाऊस यांचं ऐकून रॉबर्ट शिकला, त्याच्या रेकॉर्डी ऐकून रोरी शिकली आणि खुद्द हाऊससमोर बसली. चाळीस वर्षांनी तिनं रॉबर्टची गाणी गायली, तीही त्याच्यासारखी गिटारीच्या आधारानं. २००८ साली हाऊस यांच्या गाण्यांचा अल्बम केला. पुढे जुन्या स्त्री-गायिकांसाठीही तिनं अल्बम काढले, त्यातला पहिला २०१८ साली बेसी स्मिथवर. कोणाकडून घेतलं, ते ती नाव घेऊन सांगते. झिमरमन यांच्या वाट्याला जे आलं नाही, ते हेच.

एवढं वाचून झाल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. साधारण १९८३ची. सहावीत एक मुलगी होती. तास चालू असताना बाकावर बोटांनी ठेका धरायची. मधल्या सुट्टीत शाळेची पेटी उघडून बसायची, आणि वाजवायची अगदी बेसूर. एक दिवस शिक्षक-खोलीपर्यंत आवाज आला, तशी मी जाऊन पेटीचं झाकण लावलं आणि सगळ्या मुलींदेखत म्हणाले, "बाळ, हे तुझं काम नव्हे." ती काही बोलली नाही. पेटीजवळ मात्र पुन्हा कधी आली नाही.

सन हाऊस यांनीही तेच केलं होतं. पण त्यांचा विद्यार्थी परत आला, म्हणून ती गोष्ट झाली. त्याला वाटेत झिमरमन भेटले. माझ्या विद्यार्थिनीला कोणी भेटलं असेल का? ती आता पन्नाशीच्या पुढे असेल.

नात अमेरिकेला परत गेली. जाताना तो अल्बम माझ्या फोनवर ठेवून गेली. रोज दुपारी एक गाणं ऐकते. शब्द अजूनही नीट कळत नाहीत. पण सराव चालू आहे.