तळटीप : नाशिकचे डोंगर ‘वली पर्वत’ का नव्हेत

मूळ लेखकाने नाशिकच्या द्वारका चौक परिसरातून दिसणाऱ्या डोंगरांना ‘वली पर्वत’ म्हटले आहे. तो शब्द येथे लागू पडत नाही. चौकातून महामार्गाने मुंबईकडे निघाल्यावर पांडवलेणी लागतात. ती ज्या बेसॉल्टमध्ये कोरली आहेत त्याचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे असून आजही जवळजवळ आडवे आहेत. खडकाला वळी पडायची तर भूकवचाने त्याला दोन्ही बाजूंनी दाबावे लागते. तसा दाब इथे आलाच नाही. सह्याद्रीची उंची एकंदर प्रदेश उचलला गेल्याने आली आणि आजचे कडे झिजेने कोरले.

यावर कोणी म्हणेल, नाशिकच्या दगडात झिओलाइटचे पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात, म्हणजे खडक बदललाच ना? बदलला, पण वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्यांत कोमट पाणी झिरपून. फोडलेल्या दगडात पोकळीच्या कडेने स्फटिक आत वाढलेले दिसतात आणि पोकळीचा गोल आकार बहुधा शाबूत असतो. पर्वतनिर्मितीत सापडलेला ज्वालामुखी खडक पाहायचा तर गोव्यात जावे. तिथल्या बार्सें भागातले बेसॉल्ट दाबाने आणि उष्णतेने रूपांतरित झाले. पायरॉक्सिनसारखी मूळ खनिजे जाऊन क्लोराइट, ॲक्टिनोलाइट, एपिडोट आली, म्हणून काळा दगड हिरवट झाला, आणि थर वायव्य-आग्नेय दिशेने दुमडले. दोन्ही खडक लाव्ह्याचेच. पण वली पर्वताची खूण गोव्याच्या दगडात आहे. म्हणून पाठात ‘लाव्ह्याचे पठारी डोंगर’ अशी दुरुस्ती केली आहे.