घरातल्या पडद्याचे वेळापत्रक

मुलाच्या हातात मोबाइल किती वेळ असावा, हा आज घरोघरचा तंटा आहे. मूल ऐकत नाही, आईचा धाक उरला नाही, बाप स्वतःच मोबाइलमध्ये मान घालून बसतो, ही त्याची नेहमीची कारणे. दोष कोणाचा याची चर्चा घराच्या चार भिंतींत सुरू होते आणि तिथेच संपते. मराठी घरात पडदा आला त्याला अर्धशतक उलटून गेले. त्या काळाकडे मागे वळून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. पडद्याची वेळ आईबापांनी एकट्याने ठरवली, असे बराच काळ घडलेच नव्हते. ती वेळ घराबाहेर ठरत होती.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. प्रक्षेपण संध्याकाळचे, तेही मोजक्या तासांचे. कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या येत आणि संच बंद करण्यावाचून गत्यंतर नसे. १९८४ साली देशभर झपाट्याने प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत अँटेना दिसू लागल्या. २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा वाड्यात किंवा आळीत एखादाच संच असे. रविवारी सकाळी शेजारची मुले त्या घरी सतरंजीवर येऊन बसत आणि मालिका संपली की उठून जात. दुसऱ्याच्या घरात आणखी बसून राहणे शोभत नसे. म्हणजे मुलांवर तीन पहारे होते: दूरदर्शनचे वेळापत्रक, एकुलता एक संच आणि शेजाऱ्यांची भीड. पुढे मराठवाड्यात भारनियमनाने चौथा पहारा बसवला. यांपैकी एकही आईबापांनी मुद्दाम उभा केलेला नव्हता.

पहिला पहारा केबलने उठवला. ऑक्टोबर १९९२ मध्ये ‘झी टीव्ही’ आला, १९९५ मध्ये ‘कार्टून नेटवर्क’ आले, १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ सुरू झाली. आता कार्यक्रम संपत नव्हते. घरे सुधारली तसे संचही घरोघर आले आणि शेजारी जाण्याचे कारण उरले नाही. तरी संच पुढच्या खोलीत होता आणि सगळ्यांसाठी एकच होता. याच काळात मध्यमवर्गीय मराठी घरांनी एक उपाय काढला. मूल दहावीला गेले की वर्षभर केबल काढून टाकायची. त्यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की केबल फक्त मुलाची जात नसे. आजीची मालिका, वडिलांचे क्रिकेट आणि आईचा दुपारचा विरंगुळाही तिच्याबरोबर जाई. नियम सगळ्या घराला लागू होता, म्हणूनच मूल तो कुरकुरत का होईना, पाळत असे.

शेवटचा पहारा स्मार्टफोनने उठवला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि पडदा पुढच्या खोलीतून खिशात गेला. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मर्यादा सांगितली: वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास. पुढच्याच वर्षी करोना आला आणि शाळेनेच मोबाइल मुलाच्या हातात दिला. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ या नावाने ऑनलाइन शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका, असे त्यांत होते. मात्र तासिका संपल्यावर मोबाइल परत कोण घेणार, हे कोणत्याही परिपत्रकाला सांगता येण्यासारखे नव्हते. ज्या वस्तूवर बंधन घालायचे तीच मुलाची वही झाली होती.

या पार्श्वभूमीवर सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने जे केले, त्याकडे इतिहास म्हणून पाहायला हवे. सुमारे तीन हजार वस्तीचे हे गाव मुख्यतः शेतकऱ्यांचे आणि साखर कारखान्यात काम करणाऱ्यांचे. शाळा पुन्हा भरू लागल्या तरी मुले मोबाइल सोडत नव्हती. सरपंच विजय मोहिते यांनी विषय मांडला, तेव्हा पुरुष मंडळींनी तो हसण्यावारी नेला. मग गावातल्या बायका जमल्या. मालिकांपुढे आपलाही फार वेळ जातो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि सगळ्या गावाने बंद ठेवायचे असेल तर आम्ही तयार आहोत, अशी भूमिका घेतली. १४ ऑगस्ट २०२२ रोजी निर्णय झाला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद राहू लागले. सुरुवातीला ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि स्वयंसेवक गल्लोगल्ली फिरून आठवण देत होते.

वेळही जुनीच निवडली गेली. सात म्हणजे दिवेलागणीच्या आसपासची, शुभंकरोतीची, मुले घरी परतण्याची वेळ. गेलेला बाहेरचा पहारा गावाने पुन्हा बसवला आणि तो मोठ्यांवरही बसवला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. हेतू तोच, पण रचना निराळी. इथे बंधन फक्त मुलांवर आले. असा मार्ग दक्षिण कोरियाने २०११ पासून चालवून पाहिला होता. सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत संगणकावरचे ऑनलाइन खेळ बंद. मोबाइलवरचे खेळ कायद्याबाहेर होते, मुले तिकडे वळली आणि जानेवारी २०२२ पासून कायदाच रद्द झाला.

आता दुसऱ्या एका वडगावाकडे येऊ. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वडगाव कोल्हाटीला लागून बजाजनगर आहे. बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचे उद्‌घाटन राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते ५ नोव्हेंबर १९८५ रोजी झाले. त्याच्याभोवती वाळूज औद्योगिक वसाहत वाढली आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्या कामगारांची ही वस्ती उभी राहिली. इथे सातचा भोंगा वाजवून भागेल का?

बजाजनगरातल्या घराची संध्याकाळ कारखान्याच्या शिफ्टवर ठरते. सेकंड शिफ्टचा बाप सात वाजता मशिनवर असतो. फर्स्ट शिफ्टचा बाप घरी असतो, पण पहाटे उठायचे म्हणून लवकर पाठ टेकतो. नाइट करून आलेला माणूस दिवसा झोपतो आणि घर दोन खोल्यांचे असले की मुलाला गप्प बसवण्याची जबाबदारी आईवर येते. अशा वेळी मोबाइल हे करमणुकीपेक्षा शांततेचे साधन होते. मूल हलत नाही, बोलत नाही, बापाची झोप मोडत नाही. आईही कामाला जात असेल, तर शाळा सुटल्यापासून तिची शिफ्ट संपेपर्यंत मुलाचा सोबती तोच. या आईला ‘मुलाला वेळ द्या’ असे सांगणे म्हणजे तिच्याकडे नसलेली वस्तू मागणे आहे. शिवाय आजी-आजोबा बहुधा गावी राहिलेले असतात, त्यामुळे चौथे माणूसही घरात नसते.

वडगावच्या शेतकरी घराला सामाईक संध्याकाळ होती, भोंग्याने ती फक्त जागी केली. बजाजनगरात ती संध्याकाळच तीन शिफ्टमध्ये वाटली गेली आहे. म्हणून इथे पहारा घराबाहेर बसवायचा तर आधी घराबाहेर जागा लागेल: गल्लीच्या तोंडाशी दिवा असलेले मैदान, शाळेची संध्याकाळी उघडी राहणारी एक खोली, समाजमंदिरात साडेआठपर्यंत चालणारी अभ्यासिका. फर्स्ट शिफ्ट करून आलेले दोन बाप आज तिथे बसतील, पुढच्या आठवड्यात दुसरे दोन. शिफ्ट बदलते तशी ही पाळीही बदलेल. कारखाना अशाच पाळ्यांवर चाळीस वर्षे चालला आहे आणि माणसांची वाटणी कशी करायची, हे या वस्तीला कोणी शिकवण्याची गरज नाही. नाइटवाल्याचे मूल दुपारी कुठे बसेल, एवढा एक प्रश्न वस्तीने आपला मानला, तर त्या घरातला मोबाइल खाली ठेवता येईल.