नवे निवासी डॉक्टर आणि त्यांची ऑनलाइन पूर्वतयारी

मोठ्या रुग्णालयात रात्री दोन वाजता दम लागलेल्या रुग्णाला तपासायला जो तरुण डॉक्टर धावत येतो, तो बहुतेक वेळा पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर (रेसिडेंट) असतो. "हे शिकाऊ आहेत का हो?" असे नातेवाईक नर्सला हळूच विचारतात. तो एमबीबीएस झालेला डॉक्टर असतो. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप झाल्यावर, एमडी किंवा एमएस होण्यासाठी तो तीन वर्षे वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करत शिकतो.

तरीही तुमची शंका अगदीच चुकीची नाही. इंटर्नशिप संपल्यावर अनेकांचे कित्येक महिने नीट-पीजीच्या अभ्यासात, म्हणजे चार पर्यायांतून एक उत्तर निवडण्यात जातात. वॉर्डात कोणी पर्याय देत नाही. ही दरी भरण्यासाठी रुजू होण्यापूर्वी किंवा सुरुवातीच्या काळात ऑनलाइन प्रशिक्षण दिले जाते. पडद्यावर प्रसंग येतो: नर्सचा फोन, रुग्णाचे वरचे बीपी 80. आधी काय विचाराल? काय तपासाल? वरिष्ठांना कधी बोलवाल? शिवाय औषधांचे डोस, ईसीजी वाचणे, संमतीपत्र समजावून सांगणे, वाईट बातमी सांगणे हेही त्यात असते.

माझ्या मते सर्वांत उपयोगाचा धडा हॅन्डओव्हरचा, म्हणजे ड्यूटी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या डॉक्टरकडे सोपवण्याचा. आमच्या वेळी ती खिशातल्या चिठोऱ्यावर असायची! अमेरिका आणि कॅनडातील नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत निवासी डॉक्टरांना ठरावीक पद्धतीने हॅन्डओव्हर शिकवला गेला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा 30 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. मात्र तिथे संगणकावरच्या धड्याबरोबर प्रत्यक्ष सराव आणि वरिष्ठांचे निरीक्षणही होते.

कारण पडद्यावर हात तयार होत नाही. हृदय बंद पडल्यावर प्रौढाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायची असते; हे ऐकून कळते, पण जमते पुतळ्यावर घाम गाळल्यावरच. म्हणूनच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर नियमांत संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम ऑनलाइन असला, तरी हृदयविषयक जीवरक्षक कौशल्यांचे प्रशिक्षणही सक्तीचे आहे.

तुम्ही काय करू शकता? "यावर कोणत्या वरिष्ठांशी बोलणे झाले आहे?" असे निःसंकोच विचारा. चांगला निवासी डॉक्टर यावर रागावत नाही. आणि ड्यूटी बदलल्यावर नवे डॉक्टर आले, की औषधाची ॲलर्जी, घरी चालू असलेल्या गोळ्या आणि आज नव्याने सुरू झालेला त्रास पुन्हा एकदा सांगा, केस पेपरवर लिहिलेला असला तरी.