एकच वाक्य

भाषेच्या तासाला संवाद करून दाखवायला मुलं नको म्हणत. एका लाजाळू मुलाला मी बळेच फळ्यापुढे उभं केलं. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आलाच नाही. ते अजून टोचतं.

चेक शिक्षक कोमेनियस १६५० ते १६५४ हंगेरीत शारोश्पटकच्या शाळेत होता. लॅटिनच्या घोकंपट्टीला कंटाळलेल्या मुलांसाठी त्याने आपल्या १६३१च्या पाठ्यपुस्तकावरून आठ नाटकं रचली. 'स्कोला लुडुस' या नावाने ती १६५६ साली छापली गेली. पात्रं भरपूर, म्हणजे एकट्यावर भार नाही. ज्याला त्याला आपला वाटा.

हे आधी वाचलं असतं, तर त्या मुलाला मी चार मित्रांच्या घोळक्यात उभं केलं असतं आणि एकच वाक्य दिलं असतं. एवढंच.