अलिबागमध्ये दुकान किंवा हॉटेलसाठी जागा घ्यायचा विचार करताय? आधी एवढं समजून घ्या

'अलिबाग से आया है क्या?' या वाक्यावर बंदी घाला, अशी मागणी करणारी याचिका मुंबई हायकोर्टात गेली होती. कोर्टाने ती २०१९ मध्ये फेटाळून लावली. अलिबागचा माणूस म्हणजे साधाभोळा, असं समजून हा टोमणा मारला जायचा. आज गंमत अशी आहे की टोमणा मारणारेच शनिवारी सकाळी गाडी घेऊन भाऊच्या धक्क्यावर लायनीत उभे असतात.

पर्यटक वाढले आणि त्यांच्या मागोमाग जाहिराती आल्या. 'अलिबागमध्ये गाळा घ्या, घरबसल्या भाडं खा', 'समुद्रापासून दोन मिनिटांवर रिसॉर्ट प्लॉट', 'वर्षाला खात्रीशीर परतावा' अशी रील्स तुमच्याही फोनवर आली असतील. पण यात किती तथ्य आहे? पैसे घालताना नेमकं काय बघायचं? सगळं एकेक करून पाहू.

अलिबागला एवढा भाव का आला?

अलिबाग हे रायगड जिल्ह्याचं मुख्यालय. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. समोर समुद्रात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्याचं काम १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरू केलं. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळात हा किल्ला मराठा आरमाराचं मोठं ठाणं झाला. कान्होजींची समाधी आजही अलिबाग शहरात आहे. ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. वरसोली, नागाव, किहीम, आक्षी, रेवदंडा हे किनारे हाकेच्या अंतरावर.

इतिहास आणि समुद्र पूर्वीपासून होतेच. बदल झाला तो प्रवासात. मुंबईहून रस्त्याने अलिबाग साधारण १०० किलोमीटर, पण वडखळच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ जाईल याचा नेम नसायचा. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली. गाडीसकट बोटीत चढायचं आणि तासाभरात मांडव्याला उतरायचं. त्यानंतर १२ जानेवारी २०२४ ला २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. आता रेवस-करंजा पुलाची चर्चा आहे. प्रत्येक नव्या घोषणेबरोबर जागेचा भाव वर सरकतो.

इथेच पहिली सावधगिरी. पूल होणार म्हणून आज वाढीव भाव मोजणं म्हणजे पुढच्या दहा वर्षांचा फायदा विकणाऱ्याला आधीच देऊन टाकणं. पूल लांबला तर तुमचे पैसे अडकतात, विकणारा मात्र मोकळा होतो.

'कमर्शियल' म्हणजे नक्की काय घेताय?

अलिबागमध्ये कमर्शियल गुंतवणूक साधारण चार प्रकारची असते. बाजारपेठेतला किंवा नव्या इमारतीतला गाळा. हॉटेल, रिसॉर्टसाठी प्लॉट. चालू कॉटेज किंवा होमस्टे. आणि मोठ्या प्रोजेक्टमधला छोटा हिस्सा. चौघांची जोखीम वेगवेगळी आहे, पण जाहिरातीत सगळ्यांना एकच नाव असतं, 'कमर्शियल प्रॉपर्टी'. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारायचा: आपल्या नावावर नेमकं काय होणार? जमीन, गाळा, की फक्त एक करारपत्र?

सातबारा आणि चरीचा संप

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. कुळकायद्याचं कलम ६३ हे सांगतं. असा कायदा का आहे, याचं उत्तर अलिबाग तालुक्यातच सापडतं.

कोकणात खोती पद्धत होती. जमीन कसायची कुळांनी आणि पिकाचा मोठा वाटा जायचा खोताकडे. याविरुद्ध १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात शेतकऱ्यांनी संप केला. नेते होते नारायण नागू पाटील. शेतकऱ्यांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं आणि सहा वर्षं, १९३९ पर्यंत, ते हटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये खोती रद्द करण्यासाठी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. पुढे १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली.

याचा आजच्या खरेदीशी थेट संबंध आहे. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात जुन्या कुळांची नावं किंवा 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा असू शकतो. म्हणजे ती जमीन कुळकायद्याने मिळालेली आहे आणि ती विकण्यावर अटी आहेत. भोगवटादार वर्ग २ असेल तरी सरकारी परवानगी लागते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगर आदिवासीला परवानगीशिवाय ती घेताच येत नाही. त्यातच कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस वारस असणं नवीन नाही. त्यातल्या एकाने सही केली नाही तरी व्यवहार कोर्टात जाऊ शकतो.

त्यामुळे फक्त ताजा सातबारा बघून चालत नाही. जुने फेरफार, आठ-अ, मोजणीचा नकाशा आणि किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यायचा. तो काढणारा वकील तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

दुसरी गोष्ट एनएची. 'प्लॉट एनए आहे' एवढं पुरेसं नसतं. एनए कशासाठी, हे आदेशात लिहिलेलं असतं. राहण्यासाठी एनए असलेल्या जागेवर रिसॉर्ट टाकता येईलच असं नाही. विकास आराखड्यात ती जागा कोणत्या झोनमध्ये आहे, हेही बघावं लागतं.

समुद्र जितका जवळ, तितके नियम कडक

समुद्रकिनाऱ्यावरच्या बांधकामासाठी सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम आहेत. पहिली अधिसूचना १९९१ ची, नंतर २०११ ची आणि आता २०१९ ची. भरतीचं पाणी जिथपर्यंत पोचतं, त्या भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांखाली येतो. खाडीकाठालाही नियम आहेतच.

यात भाग पाडलेले आहेत. खारफुटी, वाळूच्या टेकड्या आणि भरती-ओहोटीमधली जागा सीआरझेड-१ मध्ये, तिथे बांधकाम जवळपास बंदच. आधीच वस्ती झालेला शहरी भाग सीआरझेड-२ मध्ये. तिथे जुन्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामांच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येतं. ग्रामीण भाग सीआरझेड-३ मध्ये. २०१९ च्या नियमांप्रमाणे दाट लोकवस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून ५० मीटर आणि इतर गावांत २०० मीटर 'ना विकास क्षेत्र' असतं.

म्हणजे अलिबाग शहरातला प्लॉट आणि शेजारच्या गावातला प्लॉट समुद्रापासून सारख्याच अंतरावर असले, तरी दोघांवर सारखं बांधता येईलच असं नाही. आपली जागा कुठे येते, हे मंजूर किनारपट्टी नकाशावर सर्व्हे नंबर बसवूनच कळतं.

'इथे सगळ्यांनीच बांधलंय, काही होत नाही' असं एजंट सांगेल. त्याला दोन उदाहरणं सांगा. किहीम इथला नीरव मोदीचा आलिशान बंगला अनधिकृत ठरला. तो इतका भक्कम होता की साध्या यंत्रांना दाद देईना. शेवटी ८ मार्च २०१९ ला जिल्हा प्रशासनाने स्फोटकं लावून तो पाडला. त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये केरळातल्या मरडू इथले चार मोठे निवासी प्रकल्प सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने जमीनदोस्त झाले. कारण तेच, सीआरझेडचं उल्लंघन. तिथे फ्लॅट घेणाऱ्या सामान्य माणसांच्या डोळ्यांदेखत त्यांची घरं गेली.

जुनी वास्तू जवळ असेल तर आणखी एक नियम लागतो. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये आधी परवानगी लागते. चौल-रेवदंडा भागात जुने अवशेष पावलोपावली आहेत, तिथे जागा घेताना हे विसरू नका.

परताव्याचा खरा हिशोब

आता पैशांचं बोलू. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा गाळा ६० लाखांचा आहे आणि महिना २५ हजार भाडं मिळेल असं सांगितलंय. वर्षाचे ३ लाख, म्हणजे ५ टक्के परतावा. ऐकायला बरं वाटतं.

पण मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील आणि किरकोळ कामं धरून ५ लाख वर गेले, तर तुमचे पैसे लागले ६५ लाख. भाडेकरू बदलताना गाळा वर्षातून दोन महिने रिकामा राहिला, तर भाडं आलं अडीच लाख. त्यातून घरपट्टी, मेंटेनन्स, विमा आणि दुरुस्तीचे ४० हजार वजा करा. हातात राहिले २ लाख १० हजार. म्हणजे परतावा सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, तोही इन्कम टॅक्सच्या आधी. कर्ज काढून गाळा घेतला असेल तर हप्ता यापेक्षा कितीतरी जास्त जातो.

दोन महिने रिकामा ही कल्पना नाही. अलिबागचा धंदा शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांवर चालतो. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा प्रवासी लाँच बंद असतात आणि किनाऱ्यावरची गर्दी ओसरते. मे महिन्यातली गर्दी बघून वर्षाचा अंदाज बांधू नका. जागा बघायला जुलैमधल्या एखाद्या मंगळवारी जा.

खारी हवा हा वेगळा खर्च. शटर, ग्रिल, एसी, सळया सगळं लवकर गंजतं. शिवाय ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा छपरं उडाली आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. विमा घेताना वादळ आणि पूर त्यात धरलेत का, हे वाचून घ्या.

बिल्डरकडून गाळा घेताना

रेरा फक्त फ्लॅटला लागू आहे, हा गैरसमज आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त युनिट असलेल्या कमर्शियल प्रोजेक्टलाही महारेरा नोंदणी लागते. तो नंबर वेबसाइटवर स्वतः तपासा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. किंमत कार्पेट एरियावर विचारा, सुपर बिल्टअपवर नको.

बांधकाम चालू असलेल्या गाळ्यावर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या गाळ्यावर लागत नाही. तुमची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली, तर दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी आकारावा लागतो. भाडेकरू ठेवताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे. आणि बाजारपेठेतली जुनी इमारत घेणार असाल, तर आत जुना भाडेकरू आहे का ते आधी बघा. भाडेनियंत्रण कायद्यामुळे त्याला सहजासहजी काढता येत नाही.

'खात्रीशीर परतावा' आणि छोटा हिस्सा

'१० लाख द्या, रिसॉर्टमध्ये हिस्सा घ्या, दरमहा ठरलेली रक्कम मिळेल.' अशा योजनेत पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा. जमिनीच्या कागदावर तुमचं नाव येणार का? आणि योजना सेबीकडे नोंदलेली आहे का?

अशा हिश्श्यांसाठी सेबीने मार्च २०२४ मध्ये एसएम रीट नावाची चौकट आणली. त्यात किमान ५० कोटींची मालमत्ता, किमान २०० गुंतवणूकदार आणि प्रत्येकाची किमान १० लाखांची गुंतवणूक अशा अटी आहेत. नोंदणी नसलेल्या योजनेत पहिले काही महिने पैसे वेळेवर येतातही. बऱ्याचदा ते तुमच्याच पैशांतून परत दिलेले असतात.

आणि अलिबागकरांचं काय?

जमीन विकून आलेला पैसा घर, लग्न, गाडी यात संपतो आणि पूर्वी स्वतःच्या वाडीत राबणारा माणूस तिथेच वॉचमन किंवा माळी म्हणून कामाला लागतो, ही कोकणात नेहमी बोलली जाणारी खंत आहे. गोड्या पाण्यावर ताण येतो. समुद्राजवळ बोअर जास्त उपसली की पाणी खारट होतं आणि शेजारच्या विहिरीही बिघडतात. भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा ज्या शेतात पिकतो, ती शेतं एकदा प्लॉट झाली की परत शेतं होत नाहीत.

त्यामुळे मध्यम मार्ग आहे का? आहे. जमीन विकत न घेता स्थानिक मालकाबरोबर दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेकरार किंवा भागीदारी करता येते. जमीन त्याची राहते आणि तुमचं भांडवल कमी अडकतं.

पैसे देण्याआधी हे सहा कागद बघा

१. सातबारा, जुने फेरफार आणि ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट
२. एनए आदेश आणि झोन दाखला, त्यात व्यापारी वापर लिहिलेला हवा
३. सीआरझेड नकाशावर सर्व्हे नंबरची जागा
४. मंजूर बांधकाम नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला
५. महारेरा नंबर, हिस्सा असेल तर सेबी नोंदणी
६. पाणी, रस्ता आणि कमर्शियल वीज कनेक्शनचे पुरावे

यातला एकही कागद 'नंतर देतो' असं कुणी म्हणालं, तर तुम्हीही टोकन नंतरच द्या.